किल्ल्याच्या दारातले बूट

चारुताच्या वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात किल्ले दाखवणाऱ्या मंडळाचे प्रमुख मोरितासान यांचा फोन आला. किल्ला दाखवणाऱ्या बाई आजारी आहेत, आजची मंडळी तुम्ही सांभाळा, आणि हीच तुमची परीक्षा समजा.

जपानमधल्या योकोसुकात समुद्राकडच्या टेकड्यांवर जुन्या लष्करी किल्ल्यांचं कडंच आहे. नवऱ्याच्या, विश्वजितच्या नोकरीपायी इथे आल्यापासून देवपूजा उरकली की चारुता तिकडेच भटकायची. किल्ले दाखवायचं काम मिळावं म्हणून तिने वर्षभर जपानी घोकलं होतं. मोरितासानांनी तिला एकदा परीक्षेत नापासही केलं होतं.

"वाती मी वळतो," विश्वजित म्हणाला.

"तुझ्या वाती तेलात पडायच्या आधीच सुटतात. तू कुकर लाव."

टेकडीवर दहाबारा आजीआजोबा जमले होते. मागे हाताची घडी घालून मोरितासान. तोफांची तोंडं कुठे होती, दारूगोळा कुठे ठेवत, चारुता न अडखळता सांगत गेली. मग भुयाराची विटांची कमान आली आणि सवयीने घात केला. गडाचा दरवाजा दिसताच तिने बूट काढले, वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

वळून बघते तर सगळे बूट काढत होते. जोड नीट लावलेले, टोकं बाहेरच्या बाजूला. एक आजोबा पांढऱ्या मोज्यांनिशी चिखलात पोचलेसुद्धा.

"चारुतासान," मोरितासान म्हणाले, "हे पुस्तिकेत नाही."

गेलं काम, तिच्या मनात आलं. पण काठीवाल्या आजींनी विचारलं, "पायरीला हात कशाला लावला?"

"आमच्याकडे गडावर पाय ठेवण्याआधी पायरीला नमस्कार करतात. इथे राबलेल्या माणसांना."

आजी पायरीजवळ आल्या. "माझे वडील इथे पहाऱ्याला होते. मी किती वेळा आले, पण कुणी वाकायला सांगितलंच नाही." त्यांनी काठी चारुताकडे दिली आणि हळूच पायरीला हात टेकला. मागोमाग बाकीचेही वाकले. मोरितासान शेवटी, पण तेही.

उतरताना ते तिला म्हणाले, "पुढच्या रविवारपासून या. नमस्कार असू द्या. बूट मात्र पायात. आणि तुमची बॅटरी भुयारात मिणमिणत होती."

चारुताने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि स्टेशनाजवळच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, बॅटरीचे सेल आणायला निघाली.