टँकरच्या वेळेचं जुनं पान

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, याची आधीच माफी मागतो. पण ओल्या रबरी पाइपाचा वास आला की तो दिवस आठवतो. दुष्काळात आमच्या नव्या वस्तीला टँकरच्या वेळा दाखवणारी वेबसाइट मी शिकता शिकता सांभाळायचो. टँकर दहाऐवजी सातला येणार, हा बदल मी केला. पण सर्व्हर पटकन दाखवता यावीत म्हणून साठवून ठेवतो ती जुनी पानं पुसायची विसरलो, आणि लोकांच्या मोबाइलवर दहाच राहिले. सातला रांगेत नुसते हंडे होते, माणूस नव्हतं, म्हणून ड्रायव्हरनं पाणी पुढच्या गल्लीत सोडलं. दहाला तो रिकामा परतताना लोकांनी त्याला खाली ओढून लाथांनी तुडवलं. “आमचं पाणी कुठं इकलं रं?” एका बाईनं विचारलं. “मावशी, मला सातच सांगितलं व्हतं.” “मग हे काय हाय?” म्हणत एकानं त्याच्यापुढं मोबाइल धरला, आणि दुसऱ्यानं हंडा त्याच्या डोळ्यावर हाणला. रक्त मातीत जिरलं. गर्दीतून पुढं होऊन बोलायचं सोडून मी तिथंच उभ्यानं मोबाइलवरून जुनी पानं पुसली. परवा चितेगावच्या, म्हणजे त्या ड्रायव्हरच्याच गावच्या, एका मित्राकडून कळलं, की त्या ड्रायव्हरचा तो डोळा गेला, आणि तो अजून म्हणतो, “चूक माझीच, म्या येळ नीट ऐकली नसंल.”