धुराची वही

चूल नाही, उदबत्ती नाही, अशा घरातूनही निघणारा धूर ज्याला दिसतो असा माणूस अख्ख्या प्रताप नगरात एकच आहे, आणि तो आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी आठही घरांचा धूर मोजायला घेतला आहे. चहा पुढे केला की काका आधी विचारतात, "सिलिंडर किती दिवस पुरते?" मग विजेचं बिल मागतात आणि त्यातली युनिटं पाहून मान हलवतात. "बटन इथं दाबलं का कोळसा तिकडे जळते," असं म्हणत तो सगळा धूर वहीत त्या त्या घराच्या नावावर लिहून टाकतात. लिफ्टला तर त्यांनी कधी हात लावला नाही. चौथ्या मजल्यावर आमच्याकडे येतात तेही पायऱ्यांनी, आणि पोचल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांना धापांमुळे बोलताच येत नाही. आम्हाला ती पाच मिनिटं फार आवडत.

गेल्या वर्षी मी एसी घ्यायचं ठरवलं. आमचं घर गच्चीखालचं, आई ब्याऐंशी वर्षांची. मे महिन्यात स्लॅब अशी तापते की कूलरही गरम हवा फेकतो. आदल्या उन्हाळ्यात भोवळ येऊन आई पडली होती. काका वर आले, धापा ओसरल्यावर म्हणाले, "जिंदगीभर लोकाइच्या डोक्यावर स्लॅब टाकल्या गा मी. गच्चीले चुना मारून एक तरी थंड करू दे. मावशीले झोप नाही लागली, तर मीच एसी आणून लावतो." मला पटेना. आईच्या जिवावर कसले प्रयोग? पण आईच म्हणाली, "करू दे त्याले."

सत्तरीचा हा गृहस्थ मग चार दिवस चुन्याच्या बादल्या पायऱ्यांनी वर नेत होता. बादल्या तरी लिफ्टने न्या म्हटलं, तर म्हणाले, "चुन्याले धूर लागंल." गच्ची पांढरीशुभ्र झाली आणि पहिला बळी गेला तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांचा. पांढऱ्यावर पांढऱ्या, त्यामुळे काकांना दिसल्याच नाहीत. पायाखाली कुरकुर वाजल्यावर कळलं. "पण एका दिवसात वाळल्या ना वं," एवढंच ते काकूंना म्हणाले. काकू महिनाभर बोलल्या नाहीत.

पण त्या मे महिन्यात आई कूलरसमोर दुपारी दोनला झोपायची ती चहालाच उठायची. एसी राहिला तो राहिलाच. काका रोज तीनला येत, खुर्चीवर चढून छताला तळहात लावत आणि पाऊल न वाजवता जात.

यंदा त्यांचे गुडघे गेले. मे लागला, तीन वाजले, कोणी आलं नाही. मीच फोन केला. थोड्या वेळाने लिफ्टचं दार वाजलं आणि काका उभे. "मावशी झोपली का?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मग मलाच खुर्चीवर चढवलं. "लाव हात. कशी आहे?"

"कोमट."

काकांनी समाधानाने वही उघडली आणि आपल्या नावापुढे लिहिलं: लिफ्ट, एक वेळ, मावशीची झोप पाहाले.

लिफ्टने आल्यामुळे ते या वेळी दारातच बोलू लागले होते. ती पाच मिनिटं मला त्या दुपारी फार आठवली.