बंदुकीबरोबर सांगोल्याला

अष्टमीच्या सकाळी सोलापूरच्या नव्या पेठेत आमच्या दुकानासमोर भाड्याची मोटार उभी राहिली. तिच्यात आधी बंदूक चढली आणि मग मी. हा क्रम मुद्दाम सांगतो, कारण प्रवास बंदुकीचा होता. मी तिच्याबरोबर परवान्याच्या नात्याने होतो.

बंदूक वडिलांची, दुनळी. ते गेल्यावर ती काही महिने सरकारजमा होती. पुढे परवाना माझ्या नावाने निघाला, कारण मी सोलापुरात कापडाच्या दुकानात बसतो आणि कलेक्टर कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमचे थोरले बंधू, दादा, सांगोल्याजवळच्या मूळ शेतावर राहतात. माझा वाटा विकून मी वळसंगला शेत घेतले. तिथे हरणे ज्वारी खातात, म्हणून परवान्यावर बंदुकीचे कारण ‘पिकाचे रक्षण’ असे लिहिले आहे. वाटणीत देव दादांकडे राहिले आणि बंदूक माझ्याकडे आली. पण खंडेनवमीला (नवरात्रातल्या शस्त्रपूजेच्या दिवशी) बंदूक देवापुढे असलीच पाहिजे, असा वडिलांचा रिवाज होता.

आता वाटणीविषयी थोडे सांगायला हवे. जमीन वाटून झाल्यावर मी स्वतः साखळी धरून मोजली. दादांच्या वाट्याला अकरा गुंठे जास्त गेले होते. ते मी पंचांसमोर सांगितले. मोजणी बरोबर होती, आजही बरोबर आहे. त्या दिवसापासून सात वर्षे दादा माझ्याशी बोलले नव्हते. दोन्ही घरांचे जाणे-येणे, लग्नकार्य सगळे बंद झाले. त्याच वर्षी नवरात्रात त्यांचा निरोप आला की बंदूक ड्रायव्हरबरोबर पाठवावी, माणूस येण्याची गरज नाही. मी कार्ड टाकून कळवले की परवान्याच्या शर्तीप्रमाणे बंदूक माझ्या ताब्याबाहेर जाऊ शकत नाही. ती ड्रायव्हरच्या हाती पाठवली तर ड्रायव्हर आत जाईल आणि पाठोपाठ मी. या कार्डाला उत्तर आले नाही, म्हणून मी गेलो. तेव्हापासून वर्षातून एकदा, कायद्याच्या सक्तीने, मी भावाच्या घरी राहतो. ही सक्ती नसती तर त्या उंबऱ्यात पाऊल ठेवायला मला दुसरे कारण नसते.

बंदूक नेण्याची माझी पद्धत अशी. नळ्या आणि दस्ता वेगळे करून लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. काडतुसे पत्र्याच्या डब्यात ड्रायव्हरच्या पायाशी. परवाना कोटाच्या आतल्या खिशात. या व्यवस्थेत बंदूक वापरण्याजोगी करायला बराच वेळ लागतो. कायद्याला त्याची हरकत नाही.

ड्रायव्हर इमामसाहेब दरवर्षीचेच. वेशीबाहेर पडताच त्यांनी दरवर्षीचा प्रश्न विचारला.

“शेटजी, मंगळवेढ्याचा सीदा रस्ता सोडून हा वळसा कायको? दुपारच्या आत पोचवतो की.”

मी दरवर्षीचे उत्तर दिले. परवाना सोलापूर जिल्ह्यापुरता आहे. सोलापूर जिल्ह्यात, सांगोलेही जिल्ह्यात, पण मधले मंगळवेढे संस्थानी मुलखात. म्हणजे सोलापुरात मी गृहस्थ, सांगोल्यात गृहस्थ आणि मधले काही मैल दरोडेखोर.

“तितं कोन बघतंय?”

“मी बघतो आहे,” मी म्हणालो. इमामसाहेबांनी मोटार मोहोळच्या रस्त्याला घातली.

मोहोळला चहा घेतला. तो गुळाचा होता आणि भजी कालची होती. हॉटेलवाल्याने पेटीत काय आहे ते विचारले. खोटे बोलणे मला जमत नाही, म्हणून मी बंदूक म्हणून सांगितले. त्यानंतर भजी ताजी आली.

मोहोळच्या पुढे मागचे चाक बसले. गाडी उचलण्याचे यंत्र मागच्या बाकाखाली आणि बाकावर बंदुकीची पेटी, त्यामुळे पेटी रस्त्यावर घेऊन उभे राहणे आले. दोन्ही बाजूंना बाजरीची कणसे भरली होती. तेवढ्यात मेंढरांचा कळप घेऊन एक म्हातारा धनगर आला. त्याने पेटीचा आकार पाहिला आणि मेंढरे थांबवली.

“लांडगं मारायला आलासा व्हय?”

मी म्हणालो, पूजेला चाललो आहे.

“पूजा करा की. पर दोन लांडगं मारून मग करा. सांगोल्याच्या अंगाला लई माजल्यात.” मी हलत नाही असे पाहून तो इमामसाहेबांना म्हणाला, “बंदूक पेटीत आन् लांडगं रानात. झ्याक हाय तुमचं.”

भीमेला अजून मोटार घालण्याइतका उतार झाला नव्हता. दोन नावा एकत्र बांधून वर फळ्या टाकल्या होत्या. त्यावर मोटार चढवली. मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. नाव उलटलीच तर बंदूक कुठल्या हद्दीत बुडाली हे सांगता यावे, म्हणून काठावरच्या खुणा पाहून ठेवल्या. नाव उलटली नाही. पंढरपूर मागे टाकल्यावर काळी जमीन पातळ होत गेली. माळ, बाभळी आणि शेरडे (शेळ्या) दिसू लागली, की सांगोले जवळ आले असे समजावे.

सांगोल्यात मी आधी पोलीस ठाण्यावर जाऊन बंदूक आल्याची वर्दी देतो. असा नियम नाही, पण दिली तर बिघडत नाही. हवालदारांनी मला पाहताच शेजारच्या शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. वर्दी झाल्यावर ते म्हणाले, “चला, औंदाचीच काय ती दगदग. फुडल्या साली तुमी सुटलात.”

मी कसे काय, म्हणून विचारले.

“तुमच्या दादांनी उन्हाळ्यात अर्ज केलता की. लांडग्यापायी. चौकशी माझ्याकडंच आलती, मी चांगलं लिवलं. मंजूर झाला अर्ज. आता त्येंची त्येंच्या घरात बंदूक. तुमाला येवढा हेलपाटा कशापायी?”

मी त्यांचे आभार मानले. बाहेर मोटारीत बसल्यावर इमामसाहेबांनी काय झाले ते विचारले. मी म्हणालो, पुढच्या वर्षी हा वळसा पडणार नाही. त्यांनी इतकी वर्षे तेच मागितले होते. मोटार मात्र हळू चालवली.

दादा ओसरीवर बसले होते. मी पेटी घेऊन उतरलो. त्यांनी इमामसाहेबांकडे पाहिले.

“आली का बंदूक? वाटंत तरास न्हाई न्हवं झाला तिला?”

“चाक बसलं एक बार,” इमामसाहेब म्हणाले.

“मंग पानी द्या तिला. उनातनं आलीया.”

वहिनींनी आतून तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मी पाणी प्यालो.

घरातला सगळा व्यवहार असाच चालतो. बंदुकीने अंघोळ केली का, बंदुकीला घोंगडे पुरते का, हे दादा इमामसाहेबांना विचारतात आणि मी इमामसाहेबांना उत्तर देतो. रात्री पानावर भाकरी, पिठले आणि शेंगाची चटणी होती. वहिनींचा उपवास होता. दादा म्हणाले, “बंदुकीला आनिक चटनी वाढा. तिला सोलापुरात असली मिळत न्हाई.” सोलापुरात ती उत्तम मिळते. हे मी इमामसाहेबांना सांगितले, पण त्यांनी पुढे सांगितले नाही.

माझे लक्ष दुसरीकडे होते. ओसरी, माजघर, धान्याची खोली, कुठेही नवी बंदूक दिसत नव्हती. नवमीला सकाळी देवापुढे नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड आणि तागडी मांडली. मी बंदूक जोडून मधोमध ठेवली. वर कडाकण्या (देवीपुढे टांगतात त्या कडक गोड पुऱ्या) लोंबत होत्या. दादांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावले, बंदुकीला झेंडूची माळ घातली आणि इमामसाहेबांना म्हणाले, “गज आनला न्हाई व्हय? मोजनाराचं हत्यार त्येच की.” जमलेले शेजारी हसले. मी गज आणला नव्हता. कापड मोजण्याचा तो गज दुकानातच असतो.

पूजेत बंदूक एकच होती.

दुपारी दादा रानात गेल्यावर मी वहिनींना सरळ विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या. लांडग्याने शेरडे नेली म्हणून अर्ज केला हे खरे, मंजुरी आली हेही खरे. “पर बंदूक आनायचं नाव काढंनात. मी म्हनलं तर वसकन अंगावर येत्यात. परवादिशी आनिक एक शेरडू गेलं. काय मनात हाय, मला तरी सांगत न्हाईत, भाऊजी.”

मला दोन गोष्टी शक्य दिसत होत्या. एक, त्यांना सोलापूरला जाऊन बंदूक आणायला सवड झाली नव्हती. ती दिवाळीपर्यंत होईल. दुसरी मी मनात पुरी होऊ दिली नाही. नुसत्या अंदाजावर हिशेब मांडत नाहीत.

दसऱ्याला सीमोल्लंघनाला गावाबाहेर गेलो. बंदूक घरी ठेवता येत नाही, म्हणून ती माझ्याबरोबर होती. दादांनी सगळ्यांना आपट्याची पाने दिली आणि माझ्यापाशी येऊन बंदुकीच्या नळीवर एक पान ठेवले. मी पाया पडलो. हातात बंदूक असल्यामुळे पुरते वाकता आले नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना बंदूक सुटी करून पेटीत घातली, कुलूप लावले. वहिनींनी शेंगाच्या पोळ्यांचे गाठोडे मागच्या बाकावर ठेवले. इमामसाहेबांनी इंजिन चालू केले. तेव्हा दादा ओसरीवरून उठून मोटारीपाशी आले आणि इमामसाहेबांना ओलांडून माझ्या बाजूला उभे राहिले.

“परवाना नीट जप,” ते म्हणाले. “मामलेदार मला दुसऱ्या बंदुकीचं म्हनत हुता. म्या नगं म्हनून कळवलंय.”

“का, दादा?”

ते पेटीकडे पाहत होते. “एका घरात दोन बंदुका कायद्यात बसत न्हाईत.”

या वाक्यात दोन चुका होत्या. कायद्यात असे कलम नाही. परवाना माणसाला मिळतो, घराला नव्हे. आणि वाटणीपत्राप्रमाणे आमचे घर एक नाही. दोन्ही गोष्टी मला नक्की माहीत होत्या. इमामसाहेब आरशातून माझ्याकडे बघत होते.

“नाही बसत, दादा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि मोटारीच्या दारावर हात आपटून निघा म्हणून खूण केली.

परतताना भीमा उतरली होती, तरी आम्ही नावेनेच आलो. नदीच्या अलीकडे इमामसाहेबांनी हळूच विचारले, “शेटजी, असा कायदा हाय खरंच?”

“सांगोल्यात आहे,” मी म्हणालो.

दिवेलागणीला नव्या पेठेत पोहोचलो. बंदूक कपाटात ठेवली आणि काडतुसे नेली तेवढी परत आली. बायकोने विचारले, थोरले भाऊजी बोलले का? मी म्हणालो, बोलले. काय बोलले? कायद्याचे बोलले. तिने शेंगाची पोळी तोडून पाहिली.

पुढच्या नवमीची मोटार मी इमामसाहेबांना आत्ताच सांगून ठेवली आहे, मोहोळच्याच रस्त्याने. तिकडच्या लांडग्यांच्या बंदोबस्तासाठी सापळे लावणारा एक माणूस वहिनींकडे पाठवला आहे. पेठेतले ओळखीचे लोक विचारतात की कधी न उडवलेल्या बंदुकीचा एवढा खटाटोप कशासाठी. परवान्यावर जे कारण लिहिले आहे तेच मी सांगतो. पिकाच्या रक्षणासाठी.