खडू चढावर बसला

गाडी शिकवणाऱ्या माणसानं भित्रं असावं की नसावं, यावर दोन मतं असू शकतात. पण मास्तर भित्रा होता यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्याच्या शिकाऊ गाडीत त्याच्याही पायाशी एक ब्रेक होता, आणि बायको म्हणायची की हा जेवायला बसला तरी टेबलाखाली पाय दाबत असतो. पोरगं खोकलं की याला न्यूमोनिया दिसायचा. दारावरची बेल वाजली की हा आधी विचारणार, "काय झालं?" कोण आलंय ते नंतर.

अशा माणसाच्या गळ्यात ताईचा कुत्रा पडला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा याला तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही, शाळेत शिवण शिकवलं, निवृत्त झाली आणि एका कुत्र्यावर जीव लावून बसली. कुत्रा पांढरा, चपट्या नाकाचा, पिंपासारखा गोल. नाव खडू. ताई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. स्ट्रेचरवरून आत जाताना ती म्हणाली, "माझं काय व्हायचं ते होईल रे, माझ्या खडूला सांभाळ." झालं! मास्तरच्या जिवाला घोर लागला.

आता, कुत्रा सांभाळायचा म्हणजे फिरवायचा. पण किती? इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. समोरचा जिमवाला स्वतःच्या उंच शिकारी कुत्र्याबरोबर रोज धावायचा. तो म्हणाला, "मास्तर, कुत्र्याला दोन तास तरी हवेतच. नाहीतर आतून सडतो तो." औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, अर्धा तास पुरे. मोबाईलवर एकानं सांगितलं तासभर, दुसऱ्यानं सांगितलं डोंगर चढवा, हृदय मजबूत होतं. बायको म्हणाली, "त्याला कोपऱ्यापर्यंत ने आणि परत आण. तुझ्यासारखाच आहे तो, घरात सुखी." ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं म्हणतात खरं. पण ज्याचं मनच रोज सतरांदा बदलतं त्यानं काय करावं?

भित्रा माणूस कमी करतो असं आपल्याला वाटतं. साफ चूक. तो जास्त करतो. ताई घरी येईल, खडूला बघेल आणि म्हणेल, "काय रे, किती जड झालाय हा!" या एका वाक्याच्या धास्तीनं मास्तर त्याला सकाळी फिरवू लागला, संध्याकाळी फिरवू लागला, आणि रोज थोडं पुढे नेऊ लागला. खडू आपला मुकाट्यानं चालायचा. घरी आला की फरशीवर पोट टेकून पसरायचा, बराच वेळ घोरल्यासारखा श्वास घ्यायचा. मास्तर बायकोला सांगायचा, "बघ, कसा छान दमलाय." ती म्हणायची, "छान?"

सुट्टीच्या दिवशी तो खडूला गावाबाहेरच्या टेकडीवर घेऊन गेला. निघता निघता उशीर झाला, ऊन चढलं. पहिल्या वळणापर्यंत खडू आला. दुसऱ्या वळणावर बसला.

आणि इथं मास्तरनं जी चूक केली ती फक्त मास्तरच करू शकला असता. चढावर बंद पडणाऱ्या गाड्या त्यानं आयुष्यभर पाहिल्या होत्या. शिकणारा घाबरतो, गाडी मागे घसरते, तो रडकुंडीला येतो आणि म्हणतो, मला खाली उतरवा. अशा वेळी उतरू द्यायचं नाही, हा मास्तरचा एकच पक्का नियम. आज उतरला की तो पुन्हा कधीच चढणार नाही. स्वतः कितीही टरकलेला असला तरी त्या क्षणी मास्तरचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. तोच आवाज त्यानं आता काढला. "काही नाही होत. घाबरायचं नाही. हळूहळू घ्यायचं. मी आहे ना शेजारी?"

खडूनं त्याच्याकडे पाहिलं. उठला. चालू लागला.

मास्तरला केवढा आनंद झाला! पुढं तो पुन्हा बसला, मास्तरनं पुन्हा समजावलं, तो पुन्हा उठला. माथा हाकेच्या अंतरावर असताना खडूचे मागचे पाय वाकडेतिकडे पडू लागले. तोंडातून घशात काही अडकल्यासारखा आवाज यायला लागला. जीभ बाहेर लोंबत होती आणि ती गुलाबी नव्हती, जांभळी होती. मग तो कडेला कलंडला. ऊठ म्हटलं तर उठला नाही. डोळे उघडे होते, पण ते मास्तरकडे बघत नव्हते.

मास्तरच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यानं बाटलीतलं होतं नव्हतं ते पाणी खडूच्या अंगावर ओतलं, त्याला उचलून छातीशी धरलं आणि उतार धरला. काय ते वजन! आणि काय तो ताप! भट्टीतनं काढलेल्या विटेसारखं अंग. "खडू, खडू, अरे राजा," एवढंच तो बडबडत होता. ताईला काय सांगू, हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. जीव या मुक्या प्राण्याचा चाललाय आणि मला माझी पडलीय!

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी खडूला सरळ मोरीत ठेवून नळ सोडला, पंखा लावला, पायात सुई घातली. मास्तर बर्फ आणायला धावत होता, त्याला ओरडून थांबवलं. "बर्फ नको. साधंच पाणी. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर त्याचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात फोन वाजला. ताई. रोज याच वेळी तिचा फोन यायचा, खडूला फिरवलंस का विचारायला. फोन वाजून वाजून बंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ताईचा फोन घेतला नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई हात पुसत आल्या. "वाचेल. रात्रीपर्यंत इथं ठेवते, मग घरी न्या. या नाकाच्या कुत्र्याला धड श्वासच घेता येत नाही, अंग थंड कसं करणार? त्यात उन्हात चढ. तो वाटेत बसला नाही का कुठं?"

"बसला."

"मग?"

"मी त्याला समजावलं," मास्तर म्हणाला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "किती चालवायचं ते घड्याळाला विचारू नका. गारव्याला न्यायचं, थोडं न्यायचं, बसला की घरी आणायचं. आवडत्या माणसानं चल म्हटलं की हे मरेपर्यंत चालतात हो. नाही म्हणायचं काम तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ताईला फोन केला. रात्रभर जुळवलेल्या थापा तोंडाशी आल्या होत्या, पण तिचा आवाज ऐकला आणि त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. उन्हाचं, चढाचं, जिभेच्या रंगाचं. आता ती बोलेल, आता बोलेल, म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला.

"त्याला उचलून खाली आणलंस?" ताई म्हणाली. "तुझी पाठ बरी आहे ना रे?"

डोळे पुसत मास्तर तिथंच जमिनीवर बसला.

"जरा त्याच्या कानाशी धर फोन," ती म्हणाली.

खडू कोपऱ्यातल्या गोधडीवर निपचित पडला होता. सकाळपासून त्यानं मानसुद्धा उचलली नव्हती. मास्तरनं फोन त्याच्या कानाशी नेला. "खडू, ए खडोबा, शहाणं माझं बाळ ते..." आणि खडूचे कान हलले. पुढचे पाय टेकून त्यानं अंग वर ओढलं. मागचे पाय थरथरत होते, एक तर फरशीवरून बाहेरच घसरत होता. तरी तो उभा राहिला, भिंतीला घासत घासत दारापर्यंत गेला आणि दाराकडं तोंड करून तयार राहिला.

मास्तरनं धावत जाऊन त्याला पोटाखालून धरलं. "ताई, हा निघालाय गं! तुझ्याबरोबर फिरायला निघालाय! मी बस म्हणतोय तर माझं ऐकत नाही. तू सांग त्याला."

"बस बाळा," ताई म्हणाली. "आज नाही जायचं."

मास्तरच्या हातात खडूचं सगळं वजन हळूहळू खाली आलं.