मागच्या सीटवरची इंदूआत्या

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधीही विमान चालवलं नाही.

तरी गावात मरेपर्यंत सगळे त्यांना पायलट म्हणायचे. रहिमतपूरहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा "पायलटच्या वस्तीचं कोण हाय, उतरा" म्हणून हाक द्यायचा.

विमान चालवायची ती त्यांची मोठी बहीण. आमची इंदूआत्या.

आज पहाटे सांगलीत आत्या गेली. सत्त्याण्णव पूर्ण. कालपर्यंत स्वतःचा चहा स्वतः करत होती आणि माझ्या चहाला नावं ठेवत होती.

ही गोष्ट स्वातंत्र्याला दीडेक वर्ष झालं होतं तेव्हाची.

माझे आजोबा फौजेत सुभेदार. लढाईत परदेशी असताना त्यांनी एका बाईला विमान उतरवून, हेल्मेट काखेत मारून सिगारेट पेटवताना पाहिलं. परत आल्यावर पुण्यात शिकणाऱ्या लेकीला त्यांनी थेट फ्लाइंग क्लबात घातलं. (सिगारेट सोडून बाकी सगळं शीक म्हणाले.)

भावकीनं ठरवून टाकलं, सुभेदाराच्या डोक्याला लढाईत मार लागलाय.

आत्यानं पॅसेंजर न्यायचंसुद्धा लायसन्स मिळवलं. मुंबईत एका विमान कंपनीत इंटरव्ह्यूला गेली. साहेब कागद बघून खूश. मग म्हणाला, पुढे साडी दिसली तर पॅसेंजर उतरून जातील. विमानात चहा-बिस्किटं द्यायची जागा आहे, ती घ्या.

आत्या उठलीच नाही. दोन तास तिथंच बसून राहिली.

शेवटी साहेब असिस्टंट पायलट म्हणून घ्यायला तयार झाला, पण एका अटीवर. महिन्याभरात घरच्यांची लेखी संमती आणायची. पुरुषांकडून असला कागद कुणी मागत नव्हतं.

सुभेदार सही करायला एका पायावर तयार. पण आमच्या घरात थोरल्या आबांच्या, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाच्या, शब्दाशिवाय विहिरीवर मोट चालत नसे. आबा म्हणाले, "पोरगी इमान चालिवती हे आदी माज्या डोळ्यानं बगणार. सहीचं मग बगू."

ठीक. क्लबची परवानगी काढली. गावानं माळावरचे दगड वेचले, बैल जुंपून फळी फिरवली, चुन्याची रेघ ओढली. वारा कळावा म्हणून सुभेदारांनी बांबूला आपलं धोतर बांधलं.

आणि पुण्याला आत्याकडे आबांचा निरोप गेला, पोरीनं एकटीनं यायचं नाही. भावाला सोबत आणायचं.

भाऊ म्हणजे माझे वडील, आण्णा. वय वर्षं वीस.

ते विमान दोन सीटचं, वरून उघडं. एक सीट पुढे, एक मागे, आणि चालवणारा मागे. हे आमच्या गावाला कुठलं ठाऊक? सायकल असो नाहीतर बैलगाडी, पुढे बसतो तो हाकणारा आणि मागे बसतं ते बाईमाणूस.

आत्यानं विमान अलगद उतरवलं.

धुरळा खाली बसायच्या आत गावानं पुढच्या सीटवरच्या आण्णांना खांद्यावर घेतलं. हार घातले, फेटा बांधला. बायकांनी आत्याची ओटी भरली. कशाबद्दल, तर भावानं सुखरूप आणलं म्हणून.

सुभेदार घसा फोडून सांगत होते की पोरीनं चालवलंय. लोक हसत होते. बापाची माया, दुसरं काय.

आत्या म्हणाली, ह्याला खाली ठेवते आणि एकटी एक फेरी मारून दाखवते. आबांनी साफ नाही म्हटलं. एकट्या पोरीला आभाळात सोडायचं म्हणजे काय?

मग त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि आण्णांना विचारलं, "तू सांग गड्या. कुणी चालिवलं?"

आण्णांच्या डोक्यावर फेटा होता आणि समोर अख्खं गाव.

"आमी दोगांनी," ते म्हणाले.

"मग एकटीचं काय खरं न्हाई," आबा म्हणाले.

संपलं. सही झाली नाही, महिना उलटला, जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढे आत्यानं सांगलीच्या शाळेत गणित शिकवलं. जन्मभर.

आण्णा गेल्यावर मी एकदा तिला विचारलं होतं, त्यांचा राग नाही आला?

"हाय की अजून. भाऊबीजेला ओवाळताना तेवढा बाजूला ठेवायची."

आण्णांनी हे सगळं मला त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. म्हणाले, "आक्कानं. एवढाच एक शब्द बोलायचा हुता गं."

तिला हे कधी सांगितलंत का, मी विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यांचा मला राग येतो आणि कीवही येते. वीस वर्षांच्या पोराला एवढं मोठं गाव फुकट डोक्यावर घेतं, तेव्हा खरं बोलणं सोपं नसतं. पण त्याची किंमत त्यांनी नाही भरली.

आज दुपारी स्मशानात श्रद्धांजलीची भाषणं झाली. गावचे एक बुजुर्ग गहिवरून म्हणाले, इंदूताई भाग्याच्या. त्या काळात पायलट भावाच्या मागं बसून विमानातून फिरल्या.

पुरुष पुढे होते, आम्ही बायका मागे.

मी सहासष्ट वर्षांची आहे. चार माणसांत कधी तोंड उघडलेलं नाही. गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि म्हणाले, "विमान आत्यानं चालवलं होतं. माझे वडील नुसते बसले होते. मी त्यांची मुलगी सांगतेय."

बुजुर्गांनी टोपी काढून हातात घेतली.

घरी आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आण्णांनी सांगून अकरा वर्षं झाली. ह्या अकरा वर्षांत गावात किती लग्नं, किती सत्कार झाले. "पायलटची लेक आली" म्हणून लोक मला पुढच्या खुर्चीवर बसवायचे, शेजारी तू असायचीस, आणि मी हसून बसायचे.

तू ऐकत होतीस तेव्हा बोलायला हवं होतं, आत्या.

मलाही नाही जमलं. माफ कर.

तुला शेवटचा नमस्कार.