मालोमोची दारं

इतोकूच्या बाजारात कापड रंगवून विकणाऱ्या आबेकेचे कोपरापर्यंत निळे हात बघून गिऱ्हाइकं हसत. "नीळ कापडापेक्षा तुलाच जास्त चढते गं!" ती म्हणे, "चढू दे. एकदा धरलेलं मी सोडत नाही."

तिचं पहिलं मूल घामेघूम होऊन, झटके येऊन गेलं. दुसऱ्यालाही तेच सुरू झालं, तेव्हा सासूनं त्याला मालोमो म्हणायला सुरुवात केली. म्हणजे, 'पुन्हा जाऊ नकोस'! गेलेलं पोरच फिरून जन्माला येतं नि निघून जातं, ही तिची खात्री. वाट अडवायला तिनं पोराच्या पायात घुंगरू बांधले. आबेकेनं पोर पाठीला बांधलं नि इबादान शहरातलं इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्या स्वादुपिंडातल्या पेशींना पोटॅशियमची बारीक दारं आहेत. ती मिटलेलीच राहतात, म्हणून इन्सुलिन वाहतच राहतं नि रक्तातली साखर तळाला जाते. हे औषध ती दारं उघडतं. एकही डोस चुकवायचा नाही."

औषध लागू पडलं. फक्त पोराच्या कपाळावर, पाठीवर दाट लव आली.

"आबेके, माकडाशी संसार केलास का गं?" बाजारात एकीनं विचारलं.

"माकड झाडावर तरी चढतं. तुझा नवरा खाटेवरून उतरत नाही!"

घरी मात्र तिनं सासूला दारांचं सांगितलं नि घोळ झाला. दुसऱ्या सकाळी बाटली गायब.

"इया, औषध कुठंय?" तिनं सासूला विचारलं.

"मी त्याची वाट अडवतेय, नि तू दारं उघडून देतेस? अगं सूनबाई, निघून जाईल ना तो!"

आबेकेनं पोराच्या मानेला हात लावला. ओलीचिंब. तिनं आधी साखरेचं पाणी पाजलं. मग रोजच्या नमस्काराच्या रीतीनं सासूपुढे गुडघे टेकले. उठली मात्र नाही.

"इया, आत एक चोर आहे, साखर पळवतो. हे दार उघडलं की चोराचं बंद होतं. नाही पटत? राहू दे. पण बाटली दिली नाहीत, तर पोराला घेऊन आत्ता इबादानला जाते. तिथंच इस्पितळाच्या ओट्यावर वाढवीन त्याला."

"माझ्याशी अशी बोलतेस?"

"मग कुणाशी बोलू? एक मूल आपण दोघींनी पुरलंय."

म्हातारीनं कमरेच्या लुगड्याची गाठ सोडून बाटली काढली. आबेकेनं मोजून डोस पाजला.

सासू उठली नि उंबरठ्यावर पाय पसरून बसली.

"पाज रोज. आतली दारं तुझी," ती म्हणाली, "हे माझं. बघतेच कसा जातो!"