ऊनाचा ठोकळा

लेस्टर ट्रेगेन्झाचं विमान, असंच सगळं मूंटा गाव म्हणायचं. बेकरीत, पोस्टात, बोलिंग क्लबात, जिथे तिथे लेस्टरचं विमान. "काय म्हणतंय गं लेस्टरचं विमान?" असं लोक त्याच्या बायकोलाच, ऊनालाच विचारायचे. ती गरम पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या करंज्या, पिशवीत घालता घालता सांगायची, "बरं आहे. खायला काही मागत नाही, फक्त पाय पसरायला जागा फार लागते." त्या विमानाचे पत्रे जोडणारा एकही रिबिट तिच्या हाताशिवाय बसलेला नाही, हे विचारणाऱ्यांच्या गावीही नसायचं. तिला त्याचा राग नव्हता. यायला हवा होता, असं आपलं आमचं मत.

लेस्टरने जन्मभर शेतकऱ्यांची कापणीची यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर मित्र म्हणाले, बोट घे, मासे मार. त्याने मागवली लाकडी खोकी. त्यांत ॲल्युमिनियमचे पत्रे, पट्ट्या, पिशव्या भरभरून रिबिट, आणि ते सगळं जोडून दोन माणसांचं विमान कसं करायचं ते सांगणारं जाडजूड पुस्तक. खोकी गॅरेजात गेली आणि गाडी बाहेर आली. पुढची कित्येक वर्षं ती बाहेरच उभी होती, उन्हाने तिचा निळा रंग पार विटला.

ऊनाने खोक्यांकडे एकदा बघितलं आणि घरात निघून गेली. का, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ रॉस पिकांवर औषध फवारायचं विमान चालवायचा. ऊना तेव्हा एकोणीस वर्षांची होती, त्याला डबा द्यायला धावपट्टीवर गेली होती. निघायच्या बेतात असलेल्या विमानाच्या इंजिनाचा आवाज तिला बरा वाटला नाही. तिने दोन्ही हात हलवून थांब, थांब म्हणून खुणा केल्या. शेताचा मालक बघत होता, ट्रकवाले बघत होते. एवढ्या माणसांदेखत बहिणीने हात हलवले म्हणून कोण खाली उतरतो? रॉस हसला, त्यानेही हात हलवला आणि गेला. पलीकडच्या बार्लीत सापडला. त्यानंतर ऊना कधी विमानात बसली नाही. मुलगी पर्थला राहते, तिच्याकडे जायचं तरी ही बाई आगगाडीने जायची.

लेस्टरने आठवडाभर विषय काढला नाही. मग एका सकाळी टोस्टवर लोणी लावता लावता म्हणाला, "एकट्याच्याने नाही व्हायचं ते. रिबिटाला दोन माणसं लागतात. मी बाहेरून हवेच्या दाबाच्या हातोड्याने मारणार, आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. ठोकळा हलला की रिबिट वाकडा."

"क्लॅरीला सांग की." क्लॅरी लीबिश म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी.

"क्लॅरीचे हात बघितलेस का? पावाच्या लाद्या आहेत नुसत्या. त्या फटीत तुझाच हात जाईल."

ऊनाने चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला. "एक अट आहे," ती म्हणाली. "मला जो रिबिट पटणार नाही तो काढायचा. का म्हणून विचारायचं नाही."

"तू काय इंजिनिअर लागून गेलीस?"

"नाही. पण आत मी असणार आहे. तू बाहेर."

लेस्टरने लोण्याची सुरी खाली ठेवली. "कबूल," म्हणाला.

अशी सुरुवात झाली. हातोड्याचा आवाज पत्र्यात असा घुमायचा की दोघांच्या कानांवर जाड आवरणं, बोलणं अशक्य. मग त्यांनी ठोक्यांची भाषा केली. रिबिट नीट बसला की ऊना आतून बोटाच्या पेराने पत्र्यावर एक ठोका द्यायची. पटला नाही तर दोन. दोन ठोके पत्र्यावरच्या हाताला जाणवले की लेस्टर हातोडा खाली ठेवायचा, कानावरचं काढायचा आणि एकच शब्द विचारायचा, "कोणता?" ती लाल पेन्सिलीने गोल करून द्यायची. तो ड्रिलने रिबिट काढायचा, नवा घालायचा, पुन्हा पहिल्यापासून.

ठोकळ्याला तिने लेस्टरचा जुना मोजा चढवला होता, हाताला कडा लागू नयेत म्हणून. विमानाच्या शेपटीत उशी घेऊन आडवी व्हायची आणि तासन्‌तास तशीच. रिबिट बसताना तळहाताला जो हादरा बसतो त्यावरून तिला कळायचं. डोळ्याने दिसायच्या आधी कळायचं. हे कुणी शिकवून येत नाही. ते तिच्या हातात आलं, आणि आमच्या मते तिथून ते विमान तिचं झालं.

चुका झाल्या नाहीत असं नाही. शेपटीच्या मागे दोन हलत्या झडपा असतात, एक डावी, एक उजवी. या दोघांनी झटून, घाम गाळून दोन्ही डाव्या केल्या. घरात विमान बांधणारा प्रत्येकजण एकदा तरी हा पराक्रम करतो म्हणतात. क्लॅरी कुंपणावर रेलून हसून हसून खोकला.

"आता दुसरं विमान बांध लेस, त्यात दोन्ही उजव्या कर. हिशोब बरोबर होईल."

"आणि तू गं?" लेस्टर ऊनाला म्हणाला. "प्रत्येक रिबिटाला एक ठोका देत होतीस ना?"

"रिबिट सगळे उत्तम होते. झडप कुठल्या बाजूची ते मला कुणी विचारलं?"

जास्तीची झडप कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून गेली. अजून आहे. गळत नाही.

खरं भांडण झालं ते पंखाच्या शेवटच्या पत्र्यावरून. फेब्रुवारीचा महिना, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा, गॅरेजात भट्टी पेटल्यासारखं. शेवटच्या ओळीत, ऊनाचा हात कोपरापर्यंत आत वळलेला, आणि दोन ठोके आले. लेस्टरने कानावरचं काढलं, आणि त्याच्या तोंडून गेलं, "का?"

ऊनाने हात बाहेर काढला. ठोकळा बाकावर ठेवला. धुतलेले कपडे वाळत घालायला निघून गेली.

तो मागोमाग गेला. "अगं, पुस्तकात लिहिलंय, इतपत वाकडा चालतो. तो एक काढायचा तर सगळा पत्रा उघडावा लागेल."

"पुस्तकाने आत हात घातला होता का?" ती चादरीच्या पलीकडून म्हणाली.

काम बंद पडलं. जेवणखाण, बोलणंचालणं सगळं नेहमीसारखं, फक्त गॅरेजचं दार बंद. ऊनाला मनातून वाटत होतं की संपलं आता. माणूस ऐकतो ते त्याला परवडतं तोवरच, आणि हे त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

क्लॅरीने सल्ला दिला तो तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकला. "रंग फास आणि हो मोकळा. कोण बघायला येतंय?"

"तिला कळेल."

"कसं कळेल, गड्या?"

"तिचा हात आत होता," लेस्टर म्हणाला.

पुढच्या सोमवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकत असताना गॅरेजातून ड्रिलचा आवाज आला. तो थांबेना. लेस्टर अख्खा पत्रा उघडत होता. ऊनाने हात धुतले, मोजा चढवलेला ठोकळा उचलला आणि आपल्या जागी जाऊन बसली. तो एक रिबिट निघाला तेव्हा खरंच वाईट होता की बरा, ते दोघांपैकी कुणीही बघितलं नाही. लेस्टरने तो बाकीच्यांबरोबर डब्यात टाकला.

पहिल्या उड्डाणाला निम्मं गाव धावपट्टीवर लोटलं. क्लबाने सॉसेजची शेगडी मांडली होती. कापणी झालेल्या बार्लीचा वास येत होता. पहिल्यांदा एकट्यानेच जायचं, असा नियम. लेस्टरने पट्टे आवळले, काचेचं झाकण ओढून घेतलं, किल्लीला हात घातला.

ऊना पंखाजवळ उभी होती. डोक्यावर जुनी टोपी, हातात काही नाही. इतकी वर्षं ती रिबिट तपासत आली, त्यांची तिला आता भीती नव्हती. तिला भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती खरी की खोटी ते कळायला एवढी माणसं जमलेली असणंच गरजेचं होतं. तिने पेर वाकवलं आणि पंखावर दोन ठोके दिले.

सगळ्यांना ऐकू गेले. क्लॅरीचा घास तोंडातच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "लेस, आधी भांडी घासून जा म्हणतेय!" लोक हसले. ऊनाने मागे वळून पाहिलं नाही. ती किल्लीवरच्या हाताकडे बघत होती.

तो हात किल्लीवरून निघाला. पट्टे सुटले. झाकण उघडलं. लेस्टर दुखऱ्या गुडघ्यांनी, पंखाला धरून, सगळ्या गावादेखत खाली उतरला. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि पंखावर वाकला.

"कोणता?"

ऊनाने टोपी नीट केली. म्हणाली, "कुठलाच नाही."

लेस्टरने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. का, असं विचारलं नाही.

"रॉस उतरला नव्हता," तिने आपणहून सांगितलं.

"माहीत आहे मला." तो तिच्या शेजारी तसाच उभा राहिला. सॉसेज करपायला लागले होते, कुणाचं लक्ष नव्हतं. "जाऊ?"

"जा. आणि आलास की ती शेजारची सीट पूस. धूळ बसलीय तिच्यावर, मी तशी बसणार नाही."

तो चढला. पट्टे आवळले, झाकण लावलं, आणि किल्लीला हात न लावता वाट बघत बसला. ऊनाने पंखावर एक ठोका दिला.